पाण्यातला पांढरा ठिपका

उन्हाळ्याची सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात दरवर्षी एक प्रश्न विचारतो. तो अभ्यासाचा नसतो. "पोहायला कुणाकुणाला येते?" यंदा चाळीस मुलांत सहा हात वर झाले. त्यातल्या एका हाताकडे बघून शेजारचा मुलगा ओरडला, "सर, हा खोटं बोलतोय!" तो हात हळूच खाली आला. राहिले पाच.

बाकीच्यांना का येत नाही, असे विचारले की उत्तर बहुतेक एकच असते, "अम्मी पाण्याजवळ जाऊच देत नाही." या उत्तरावर आम्ही मुलांना रागावत नाही. त्यांच्या अम्मींवरही रागावत नाही. कारण आमच्याही घरी हेच होते, आणि त्यामागे काय होते हे कळायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला.

आमचे आजोळ करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. परीक्षा संपली की आम्ही दोघे सख्खे भाऊ आणि आमचे दोघे खालाजाद भाऊ सोलापूरहून पॅसेंजर गाडीने निघायचो. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम करीत जेऊरला उतरायचे आणि तिथून मामूंच्या बैलगाडीतून गावी. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याचे घर भट्टीसारखे तापायचे, आणि इथे तर अंगणातून उतरले की समोर पाणीच पाणी. पलीकडचा इंदापूरचा काठ धुरकट रेघेसारखा दिसायचा. उथळ पाण्यात एका पायावर उभे राहिलेले रोहित पक्षी, कोळ्यांची जाळी, आणि संध्याकाळी वाऱ्याबरोबर येणारा ओल्या मातीचा वास. शहरातल्या पोरांना आणखी काय हवे?

पण या पाण्यावर नानीचा पहारा होता. पहिल्याच दिवशी ती सांगायची, "सुनो रे, पानी के पास नक्को जाना. आम के पेड़ तक जाओ, उसके आगे नक्को." नानी स्वतः कधी काठावर गेलेली आम्ही पाहिली नव्हती. धुणे ती घरामागच्या हौदावर धुवायची. कोळ्याची बायको मासे घेऊन आली तर तिला अंगणाच्या फाटकाशी बोलवायची. आम्हाला वाटायचे, म्हातारी माणसे अशीच भित्री असतात.

आम्ही सातवी पास झालो त्या उन्हाळ्यात पाणी खूपच खाली गेले होते. उजनीच्या पाण्याचे गणित सोलापूरकरांना पाठ असते. पाऊस पुणे जिल्ह्यात पडतो आणि धरण आपले भरते. एकूण ११७ टीएमसी पाण्यापैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे कालव्याच्या तोंडापेक्षा खाली राहणारे पाणी. पातळी त्याच्याही खाली गेली की पेपरात बातमी येते, "उजनी मायनसमध्ये". मग पाण्याखालचे एकेक वर यायला लागते. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर असेच वर येते आणि लोक होड्या करून बघायला जातात.

आमच्या आजोळच्या समोरही त्या वर्षी काहीतरी वर आले. काठापासून लांब, पाण्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. पहिल्या दिवशी वाटले, बगळा असेल. पण बगळा उडून जातो, हा जागचा हलला नाही. दोन दिवसांनी तो ठिपका मोठा झाला. आठवड्याने एकाचे तीन ठिपके झाले.

आम्ही चौघांनी गच्चीवर बैठक घेतली. मोठा खालाजाद भाऊ म्हणाला, मंदिर असेल. धाकटा म्हणाला, जिन्नाचा वाडा. आमच्या सख्ख्या भावाला खजिन्याशिवाय दुसरे काही सुचत नसे. मामूंना विचारले तर ते म्हणाले, "पत्थर है, और क्या." आणि लगेच गोठ्याकडे निघून गेले. मोठी माणसे इतक्या झटकन उत्तर देतात तेव्हा ते उत्तर खरे नसते, एवढी अक्कल आम्हाला त्या वयातही होती.

त्यात नानांचे वागणे. दर शुक्रवारी फजरची नमाज झाली की नाना हातात एक झाकणाचा डबा घेऊन काठाकडे जायचे. तिथे कोळीवस्तीवरचे तात्या होडी घेऊन उभे असायचे. दोघे एकमेकांशी काही न बोलता बसायचे आणि होडी त्या ठिपक्याच्या दिशेने निघायची. उन्हे वर येईपर्यंत नाना परत यायचे. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. एकदा आम्ही नीट पाहिले. त्यांच्या बोटांच्या पेरांत पांढरे काहीतरी अडकले होते. नानीने ते पाहिले आणि काही न विचारता हात धुवायला पाणी ओतून दिले.

"पूछो ना नाना कू," आम्ही धाकट्याला ढकलले. तो गेला आणि तोंड पाडून परत आला. "बोले, बड़े होने के बाद."

आता तुम्हीच सांगा, बारा-तेरा वर्षांच्या पोरांना याहून मोठे आमंत्रण कोणते?

प्रश्न होता वाहनाचा. मामूंचे गुऱ्हाळ होते. हंगाम संपला की गूळ कढवायची मोठी लोखंडी काहील चिंचेखाली पालथी पडलेली असायची. ज्यांनी पूर पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, भीमाकाठी काहील ही अडल्यावेळची नावच असते. पुलावर पाणी आले की बाळंतीण काय, आजारी माणूस काय, काहिलीत बसवून पार नेतात. तेव्हा आम्ही काही फार जगावेगळे करीत होतो असे नव्हे. फक्त पूर नव्हता, सांगायला कारण नव्हते, आणि आमच्यापैकी कुणालाही पोहता येत नव्हते. मोठा म्हणायचा, "मुझे आता." ते खोटे होते हे आम्हाला नंतर कळले.

दुपारी घर झोपले की आम्ही काहील घरंगळत काठावर न्यायचो आणि उथळ पाण्यात सराव करायचो. काहिलीला पुढे-मागे नसते. ती गोल. एका बाजूने वल्हे मारले की ती पुढे न जाता गरकन फिरते. दोघांनी समोरासमोर बसून एकाच तालात मारले तरच ती थोडी सरकते. वल्ही म्हणून आमच्याकडे दोन फळ्या होत्या आणि आत आलेले पाणी काढायला डालड्याचा रिकामा डबा. चार दिवसांत आम्ही बाभळीपासून खडकापर्यंत सरळ जायला शिकलो आणि स्वतःला खलाशी समजू लागलो. घरी सांगायचो, आंब्याखाली होतो.

तिथेच आम्हाला प्रतिस्पर्धी भेटले. कोळीवस्तीवरची तीन पोरे. त्यांच्याकडे ट्रकच्या फुगवलेल्या दोन ट्यूबा होत्या, वर फळी बांधलेली. ती तिघे पाण्यावर अशी वावरायची की जणू घराच्या ओट्यावरच बसली आहेत. त्यांचा म्होरक्या आमच्याच वयाचा, काळासावळा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. आमची काहील गरगर फिरताना पाहून तो पोट धरून हसला.

"आरं सोलापूरकर, गूळ शिजवताय का काय त्यात?"

मोठ्याला हे लागले. तो म्हणाला, "तुमच्यापेक्षा आधी त्या पांढऱ्या दगडावर जाऊन दाखवू."

म्होरक्याचे हसू थांबले. "तिकडं जायाचं न्हाई. आमचा आज्जा वरडतो."

"घाबरलास?"

हा शब्द पोरांच्या जगात आगकाडीसारखा असतो. पैज लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मोठी माणसे झोपल्यावर. जो आधी पोहोचेल, बाभळीखालची बसायची जागा त्याची. हरणाऱ्याने पुन्हा त्या काठावर यायचे नाही.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. जागेसाठी आम्ही जात नव्हतो, हे चौघांनाही ठाऊक होते. नाना दर शुक्रवारी कुठे जातात, ते आम्हाला बघायचे होते.

निघालो तेव्हा पाणी आरशासारखे शांत होते. मे महिन्यात दुपारी दोन-अडीचपर्यंत असेच असते. मग उकाडा कोंडतो, पश्चिमेला ढग जमतात आणि वळवाचा वारा कुठूनतरी एकदम सुटतो. काठावरचा कोणताही कोळी हे सांगेल. आम्हाला कुणी सांगितले नव्हते, कारण पाण्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलतच नव्हते.

निम्मे अंतर होईपर्यंत आम्ही फारसे मागे नव्हतो. ट्यूबवाले वीस-पंचवीस हात पुढे होते. पांढरे ठिपके आता दगडांसारखे दिसायला लागले होते. तेवढ्यात वारा आला. आधी मानेवर गार झुळूक लागली, मग पाण्यावर खवले उठले, मग लाटा. समुद्राच्या मानाने त्या काहीच नसतील, पण काहिलीच्या काठाला हातभर उंचीही नव्हती. पहिली लाट आत आली. आम्ही डबा घेऊन पाणी उपसू लागलो. काहील फिरायला लागली ती थांबेना. काठ कुठे, दगड कुठे, काही समजेना. मोठा ओरडत होता, "सीधा मारो, सीधा!" सरळ कोणत्या बाजूला, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

धाकटा घाबरून उभा राहिला. त्याने उभे राहायला नको होते. त्याला धरायला आम्ही तिघे एकदम त्याच्या बाजूला झुकलो. तेही करायला नको होते. काहील कलली आणि तो पाण्यात पडला.

त्याचे डोके एकदा वर आले. तोंड उघडे होते, पण आवाज नव्हता. बुडणारा माणूस ओरडतो असे आम्ही समजत होतो. तो ओरडत नाही, त्याला श्वासच मिळत नसतो. हे आम्ही तेव्हा पाहिले आणि आजही वर्गात सांगतो.

मोठा हलला नाही. ज्याला पोहता येत होते तो काठ घट्ट धरून बसला होता, आणि त्याच क्षणी त्याचे खोटे आम्हाला कळले. आम्ही दोघांनी कलमा पढायला सुरुवात केली. याहून जास्त काही आम्हाला येत नव्हते.

पैज जिंकायला आलेली ती ट्यूब मागे फिरली. म्होरक्याने पाण्यात उडी घेतली. तो धाकट्याच्या समोरून आला नाही. वळसा घालून मागून आला, शर्टाची कॉलर धरली आणि त्याचे तोंड वर करून त्याला ट्यूबेकडे ओढत नेले. दुसऱ्या पोराने दोरी फेकली. "कडीत आवळा! कडीत!" तो ओरडला. काहिलीच्या कडीला दोरी बांधायला आमची बोटे चालेनात. शेवटी त्यानेच येऊन बांधली. वाऱ्याने आम्हा सगळ्यांना ढकलत ढकलत नेले ते त्या पांढऱ्या दगडांपाशीच. पैज कुणी जिंकली, हे विचारायची कुणाला शुद्ध नव्हती.

धाकट्याने पाणी ओकले आणि रडायला लागला. तेव्हा आम्हाला हायसे वाटले. मग आम्ही आजूबाजूला पाहिले.

ती एक उंच टेकाडासारखी जागा होती. भेगाळलेल्या गाळातून पडक्या भिंतीची रेघ गेली होती. एका कडेला शेंदराचा रंग उरलेला एक दगड, आणि दुसऱ्या कडेला ओळीने पाच-सहा कबरी. दगड जुने, झिजलेले, पण वरून चुना ताजा होता. त्यातली एक कबर अगदी लहान होती. तिच्या लांबीवरून धाकट्यालासुद्धा कळले की ती मोठ्या माणसाची नाही. आम्ही पायात चपला आहेत का हे बघितले आणि मागे सरकलो.

"आज्जा चुना आणून देतो," म्होरक्या हळू आवाजात म्हणाला. "तुमचं नाना लावत्यात. मंग त्यो आमच्या द्येवाचा दगुड पुसून घेतो. जाळं आडकू नये, कुणाचा पाय पडू नये म्हनून."

"कुणाच्या कबरी आहेत?"

त्याने खांदे उडवले. "तुमच्याच की."

वारा पडल्यावर होडी आली. वल्ह्यावर तात्या, पुढे नाना. आम्हाला वाटले, आता मार. नाना उतरले, चिखलातून चालत आले आणि धाकट्यासमोर उकिडवे बसले. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी एवढेच विचारले, "तैरना आता क्या रे तेरेकू?"

धाकट्याने मान हलवली. नानांनी आम्हा प्रत्येकाकडे पाहिले. एकेकाची मान हलली. मोठ्याचीसुद्धा. नाना खाली बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी सांगितले. हे जुने गाव. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, त्याच्या आधीच गाव उठले. पुणे, सोलापूर, नगर, तिन्ही जिल्ह्यांतली गावे गेली. घरांची दारे, तुळया, पत्रे लोकांनी बैलगाडीतून वर नेले. कबरी कशा नेणार? नानांची अम्मी, अब्बा, चुलते इथेच राहिले. आणि ही लहान कबर आमच्या अम्मीच्या मोठ्या बहिणीची. सात वर्षांची होती. आमची एक खाला होती, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

धरण तेव्हा नव्हते. नदी होती, घाट होता. नानी धुणे धुवत होती आणि मुलगी पायरीवर खेळत होती. एवढेच. तात्या तेव्हा तरुण होते, त्यांनी उडी मारून तिला बाहेर काढले, पण उशीर झाला होता. "ये आदमी तीन बार अंदर गया," नाना तात्यांकडे बोट दाखवून म्हणाले. तात्या वल्ह्याकडे बघत राहिले.

"नानी के सामने नाम नहीं लेते थे हम लोगां," नाना म्हणाले. "सोचा, बच्चों कू बताएँगे नक्को, पानी के पास जाने देंगे नक्को, तो बच जाएँगे." आणि मग त्यांनी धाकट्याच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. करायची गरज नव्हती.

घरी आम्हाला कुणी मारले नाही. नानीला मात्र सगळे सांगावे लागले. ती ऐकून आत गेली आणि मगरिबपर्यंत मुसल्यावरून उठली नाही. रात्री तिने आम्हाला ज्वारीची भाकरी आणि माशाचे कालवण वाढले, धाकट्याला स्वतःच्या हाताने भरवले, आणि नानांना म्हणाली, "सिखाओ उनकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांची शाळा सुरू झाली. पाठीला रिकामा, झाकण घट्ट बसवलेला तेलाचा डबा बांधायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे. आधी श्वास, मग पाय, मग हात. पहिले तीन दिवस त्यांनी आम्हाला फक्त उताणे तरंगायला लावले. "थकलास तर उताना पड. पानी उचलतंय. भांडलास तर पानी बुडवतंय," ते म्हणायचे. बुडणाऱ्याला समोरून धरायचे नाही, तो मिठी मारून तुम्हालाही नेतो. आधी दोरी, बांबू, ट्यूब जे असेल ते फेकायचे. आकाश बघितल्याशिवाय होडी सोडायची नाही. दुपारनंतर तर नाहीच. म्होरक्या त्यांचा मदतनीस होता आणि आमच्यावर हुकूम सोडायला त्याला फार आवडायचे. बाभळीखालची जागा सगळ्यांची झाली.

पंधराव्या दिवशी आमचे डबे सुटले. त्या दिवशी नानी काठावर आली. मामूंनी तिच्यासाठी दगडावर पोते अंथरले. ती पाण्याकडे पाठ करून बसली, पण बसली. आम्ही प्रत्येकाने बाभळीपासून खडकापर्यंत जाऊन हाक मारायची, "नानी, पहुँच गया!" आणि तिने न वळता हात वर करायचा, असे ठरले. चार हाका, चार वेळा हात. चौथ्या वेळी तिने पदराने डोळे पुसले.

या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. नाना, नानी, तात्या, तिघेही आता नाहीत. अल्लाह नाना-नानींची मगफिरत करो. त्यांना नव्या गावच्या कब्रस्तानात जागा मिळाली, वरच्या कोरड्या जमिनीवर. आम्ही सोलापुरात शिक्षक झालो, उर्दू आणि मराठी शिकवतो. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. पाणी आले की गल्लीभर बादल्यांचा आवाज सुरू होतो. हे पाणी उजनीचे. पिंप भरताना कधी कधी मनात येते, आपण पितो ते पाणी त्या टेकाडावरून आले आहे. कुणाच्या तरी आजोळावरून आले आहे. मग नळ चालू ठेवून कुणी गप्पा मारत असेल तर आम्हाला राहवत नाही.

२१ मे २०२४ च्या रात्री टीव्हीवर बातमी पाहिली तेव्हा आम्ही जागचे उठलो. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकी सहा जण गेले, त्यात लहान मुलेही होती. तेच पाणी, तोच मे महिना, तोच वारा. खालाजाद भावाचा, त्या दिवशीच्या आमच्या धाकट्याचा, परदेशातून फोन आला. दोघेही बराच वेळ बोललो नाही. शेवटी तो म्हणाला, "मेरी कॉलर पकड़ी थी उसने." एवढेच.

वाचकहो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका, ढग दिसले की निघू नका, मुलांना काठावर एकटे सोडू नका. हे सगळे सांगायलाच हवे. पण आम्हाला त्याच्या आधीचे एक सांगायचे आहे. आपल्या घरांत दुःख झाकायची रीत आहे. जे मूल गेले त्याचे नाव घ्यायचे नाही, जिथे गेले तिथे दुसऱ्याला जाऊ द्यायचे नाही. ही माया असते, आणि आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण झाकलेल्या गोष्टीकडे मुले ओढीने जातात, आणि जाताना त्यांच्या हातात काहीच शिकवलेले नसते. मुलांना पोहायला शिकवा, असे हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्याकडे जुमाच्या बयानात किती वेळा सांगितले जाते. आपण मान डोलावतो आणि घरी येऊन सांगतो, पाण्याजवळ जाऊ नको. मुलींना तर तेवढेही सांगत नाही, त्या जाणारच नाहीत असे धरून चालतो. आमची खाला पायरीवर खेळत होती, एवढे लक्षात ठेवावे.

त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा खूप खाली गेले होते. आम्ही सख्खे भाऊ आणि मोठा, तिघे जूनच्या सुरुवातीला एका सकाळी गेलो. बरोबर चुन्याचा डबा होता आणि तीन लाइफ जॅकेट. होडी घेऊन जो उभा होता त्याचे केस पांढरे झाले होते, पण तो हसला तेव्हा अर्धा तुटलेला दात दिसला.

"काय सोलापूरकर, काहील आनली न्हाई व्हय?"

त्याने आमच्या जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, मग होडी सोडली. टेकाडावर आम्ही सलाम केला, दुआ मागितली आणि दगडांना चुना लावला. लहान कबरीला मोठ्याने लावला. पलीकडे आमचा मित्र शेंदराच्या दगडावरचा गाळ पुसत होता. दहाच्या आत परत निघालो. आकाश स्वच्छ होते, तरी निघालो.

यंदा सुटी लागल्यानंतरच्या सोमवारी आम्ही मुलांना शहरातल्या जलतरण तलावावर सकाळी सातला बोलावले होते. पालकांची परवानगी घेऊन, खाली प्रशिक्षक, वर आम्ही. सगळ्यांत आधी कोण आले असेल? वर्गात हात खाली घेतलेला तो मुलगा, अब्बांचे बोट धरून. आमच्या जवळ येऊन म्हणाला, "सर, खरं सांगू? मला येत नाही."

आम्ही म्हणालो, "आमच्या मोठ्या भावालाही येत नव्हते. जा, रांगेत उभा राहा."